ड्युराला ठिगळ कुठलं लावायचं? पहिल्या छेदाआधी ठरवायच्या गोष्टी

मी या कामात नवा होतो तेव्हाची गोष्ट. मागच्या बाजूने कवटी उघडून लहान मेंदूतली गाठ काढली. गाठ झकास निघाली, सगळे खूश. ड्युरा, म्हणजे मेंदूभोवतीचं सगळ्यात बाहेरचं आवरण, शिवायला घेतला तर कडा आक्रसून गेलेल्या, मध्ये दोन बोटांची फट. सिस्टरांना म्हटलं, पॅच द्या. कपाटात एकच कृत्रिम पॅच होता, तोही हवा त्यापेक्षा लहान. ओढूनताणून बसवला. पाचव्या दिवशी राउंडला पेशंटच्या मानेवर हात ठेवला तर टाक्यांखाली पाण्याची मऊ पिशवी लागली. सातव्या दिवशी दोन टाक्यांमधून नितळ पाणी यायला लागलं. पुन्हा ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. या वेळी मांडीतली फॅशिया, म्हणजे स्नायूवरचं चिवट आवरण, काढून लावली आणि गळती थांबली.

चूक पॅचची होती असं मी बरेच दिवस म्हणत असे. खरं तर पहिल्या दिवशी मान उघडताना मी तिथलं चांगलं, जाड आवरण कॉटरीने (विजेच्या तापत्या सुरीने) उभं कापून जाळून टाकलं होतं. ठिगळाचं कापड माझ्या हातात होतं, मला ते दिसलं नव्हतं.

हे लिहिताना माझ्या डोळ्यासमोर दोघं आहेत. एक, न्यूरोसर्जरी शिकून सांगली-साताऱ्यासारख्या जिल्ह्यात परतलेला तरुण डॉक्टर. दुसरा, संमतीपत्रावर सही करण्याआधी "हा पॅच म्हणजे नेमकं काय असतं?" असं विचारणारा नातेवाईक. दोघांना उत्तर एकच द्यायचं आहे, फक्त पहिल्याला जरा जास्त खोलात.

आधी थोडं ड्युराबद्दल

मेंदूला तीन आवरणं असतात. सगळ्यात बाहेरचं, कवटीच्या आतून चिकटलेलं, चिवट पांढरं आवरण म्हणजे ड्युरा. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, कुठे जरा कमी, कुठे जास्त. त्याच्या आत मेंदूभोवती पाणी असतं. कुठल्याही क्षणी ते साधारण १५० मिलिलिटर असतं, पण शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवं बनवतं. म्हणजे हे पाणी दिवसातून तीनदा बदलतं. म्हणूनच शिवणीतली बारीकशी फट आपोआप कोरडी पडेल या आशेवर राहता येत नाही, मागून पाणी येतच असतं. पाणी बाहेर येतं त्याच वाटेने जंतू आत जातात आणि मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांचा संसर्ग, होतो.

मग काढलेला ड्युराच परत का शिवत नाहीत? पुष्कळदा तेच करतो. पण मेनिंजिओमाची गाठ ड्युरालाच धरून वाढते, तेव्हा तेवढा भाग कापून टाकावा लागतो. अपघातात तो फाटतो. साठी उलटलेल्या माणसात तो कवटीला इतका चिकटलेला असतो की हाड उचलतानाच चिरतो. आणि तीन-चार तास मायक्रोस्कोपच्या दिव्याखाली उघडा राहिला की वाळून आखडतो. यातलं शेवटचं टाळता येतं. ड्युराच्या कडा ओल्या पट्ट्यांनी झाकून ठेवा, सलाइन मारत राहा आणि कडेच्या प्रत्येक थेंबभर रक्तासाठी बायपोलर (रक्तवाहिनी जाळून बंद करणारा विजेचा चिमटा) लावू नका. जळलेली कड आखडते आणि शेवटी तुमचीच पंचाईत करते.

पहिली पायरी: स्कॅन बघतानाच ठिगळाचा विचार

आदल्या रात्री गाठ कशी काढायची याचा विचार सगळेच करतात. त्याच वेळी चार गोष्टी बघून ठेवायच्या.

जागा कुठली? डोक्याच्या वरच्या घुमटाकडे असेल तर पाण्याचा दाब शिवणीवर फार येत नाही, तिथे थोडी सूट मिळते. डोक्याच्या मागे-खाली, मानेजवळ, किंवा कवटीच्या तळाशी नाकाच्या बाजूला असेल तर सूट नाही. तिथे शिवण पाणीबंदच हवी. माझी ती पाचव्या दिवसाची पिशवी अशाच जागची होती.

जखम स्वच्छ की मळलेली? आमच्याकडे ऊसतोडीच्या मोसमात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकते. कपाळाचं हाड आत दबलेलं, जखमेत माती, पाचट, केस. अशा जखमेत प्लास्टिकच्या जातीचं काहीही ठेवायचं नाही. जंतूंनी एकदा त्यावर बस्तान मांडलं की अँटिबायोटिकने ते निघत नाहीत, पॅच काढावाच लागतो. इथे पेशंटचं स्वतःचंच ऊतक.

आत दाब किती? मेंदूतल्या पोकळ्या पाण्याने फुगलेल्या असतील तर जगातलं कुठलंही ठिगळ टिकणार नाही. आधी किंवा त्याच वेळी पाण्याला वाट करून द्यावी लागते, मग शिवण. गळती पुन्हा पुन्हा होते आणि सर्जन पुन्हा पुन्हा पॅच बदलतो, अशा केसमध्ये पॅचपेक्षा हायड्रोकेफॅलस, म्हणजे पोकळ्यांत साठलेलं हे पाणी, शोधावा.

पुढे काय वाढून ठेवलंय? गाठ वाईट जातीची आणि नंतर शेक (रेडिएशन) द्यायचा असेल तर रक्तपुरवठा असलेलं, जिवंत ऊतक बरं. शेकलेल्या जागी निर्जीव पॅचवर त्वचा बसायला कुरकुर करते. आणि मेंदू फुगल्यामुळे हाड काढून ठेवून नंतर परत बसवायचं असेल तर मेंदू आणि वरचा स्नायू यांच्यामध्ये काहीतरी थर हवाच. तो नसेल तर तीन महिन्यांनी स्नायू मेंदूपासून सोडवताना घाम फुटतो.

लहान मुलांचं गणित निराळं. तीन वर्षांखालच्या पोराला कवटीची भेग पडून खालचा ड्युरा फाटला असेल तर भेग भरण्याऐवजी रुंदावत जाते. अशा वेळी हाडातली फट दिसते त्याहून ड्युरातली फट मोठी असते, कडा हाडाखाली दूर सरकलेल्या असतात. हाड आणखी काढून कड सापडेपर्यंत जायचं. वाढत्या डोक्यात शक्यतो पोराचं स्वतःचंच ऊतक वापरावं.

दुसरी पायरी: नातेवाइकांशी बोलणं

ही पायरी पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. इथे ती तशी उरकत नाही.

विकत मिळणाऱ्या पॅचच्या बॉक्सवर बारीक अक्षरात 'बोवाइन' लिहिलेलं असतं, म्हणजे गाईबैलांच्या जातीतल्या जनावरापासून घेतलेलं. काहींवर 'पोर्साइन', म्हणजे डुकराचं. सांगलीत सूर्यास्तानंतर न जेवणारी जैन घरं आहेत, मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याभोवती पिढ्यान्पिढ्या राहणारी मुसलमान घरं आहेत, माळकरी वारकरी तर प्रत्येक गावात. त्यांच्यातल्या कुणाला न विचारता अशी वस्तू कायमची त्यांच्या माणसाच्या डोक्यात ठेवणं मला पटत नाही. नियमाचं सोडा, ऑपरेशननंतर बिलावर ते नाव वाचून भडकलेल्या घराला उत्तर देणं अवघड असतं.

मी साध्या भाषेत तीन पर्याय सांगतो: त्याच्याच अंगातलं, जनावरापासून केलेलं, कारखान्यात बनवलेलं. प्रत्येकाचा एक फायदा, एक तोटा. बहुतेक लोक शांतपणे ऐकतात आणि "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतात. काही ठरवून येतात. तासगावकडचे एक आजोबा सगळं ऐकून म्हणाले, "मग पोराच्या मांडीचंच काढा की. तेचंच हाय न्हवं?" सगळ्या परिषदांमधल्या भाषणांचं सार त्या एका वाक्यात होतं.

रात्री दोनला बेशुद्ध पेशंट येतो, सोबत फक्त रस्त्यावरून उचलून आणणारा भला माणूस. विचारायला कुणी नाही. अशा वेळीही स्वतःच्या ऊतकाने प्रश्नच मिटतो.

पैशाचं आधीच बोलून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेशंट असेल तर पॅकेजमध्ये पॅच धरला आहे की नाही हे आरोग्यमित्राकडून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी समजून घ्यावं. टेबलावर पेशंट उघडा असताना बाहेर नातेवाइकाला "एवढे भरा" म्हणून निरोप पाठवणं वाईट दिसतं, आणि ते वाईटच आहे.

तिसरी पायरी: उघडतानाच ठिगळ काढून ठेवा

या लेखातली हीच पायरी सगळ्यात मोलाची. घाईत असाल तर एवढीच वाचा.

डोक्याच्या त्वचेखाली, हाडावर एक पातळ, चिवट पापुद्रा असतो. त्याला पेरिक्रेनियम म्हणतात. घाईचा सर्जन त्वचा आणि हा पापुद्रा एकाच झटक्यात हाडापासून सोडवतो आणि त्याच्या चिंध्या होतात. त्याऐवजी त्वचा कापताना सुरी गेलियापाशी (त्वचेला आतून चिकटलेल्या चिवट थरापाशी) थांबवा. गेलिया आणि पेरिक्रेनियम यांच्यामध्ये सैल, कोळिष्टकासारखं ऊतक असतं, त्यातून बोटाने किंवा बोथट कात्रीने त्वचा वर उचलली जाते. खाली पापुद्रा हाडावर अखंड चमकताना दिसतो. मग हवा तेवढा चौकोन सुरीने आखून, पेरिऑस्टियल एलिव्हेटर या चपट्या अवजाराने हाडावरून हलक्या हाताने खरवडत सोडवायचा. कोपऱ्याकडून मध्याकडे या. फाटतो तो नेहमी कवटीच्या सांध्यांपाशी, तिथे तो चिकटलेला असतो. तिथे घाई नको.

माप घेताना हात सैल ठेवा, कारण हा पापुद्रा निघाल्यावर आकसतो. काढला की ओल्या गॉजमध्ये गुंडाळून वाटीत, आणि सिस्टरांना मोठ्याने सांगायचं, "वाटीत ग्राफ्ट (ठिगळाचं ऊतक) आहे, टाकायचं नाही." हसू नका. चार तासांनी टेबल आवरताना वाटी कचऱ्यात गेलेली मी पाहिली आहे.

कपाळाच्या अपघातात हा पापुद्रा पूर्ण कापून काढू नये. भुवईच्या बाजूने तो जोडलेलाच ठेवला तर तिथल्या सुप्राऑर्बिटल आणि सुप्राट्रॉक्लियर रक्तवाहिन्यांमुळे जिवंत राहतो. फ्रंटल सायनस, म्हणजे कपाळाच्या हाडातली हवेची पोकळी, फुटला असेल तर त्यातलं अस्तर सगळं खरवडून, मागची भिंत काढून, हा जिवंत पडदा पुढून आत वळवून नाक आणि मेंदू यांच्यामध्ये पसरायचा. ट्रॉलीला धडकलेल्यांना हाच वाचवतो. फक्त शेवटी हाड परत बसवताना पडद्याच्या मुळाशी हाडाची कड दाबत नाही ना, एवढं बघायचं. मूळ चेपलं तर पडदा मरतो आणि केलेलं सगळं वाया.

कानाच्या वर काम असेल तर टेम्पोरालिस स्नायूवरची फॅशिया हाताशीच असते. चांगली जाड, शिवायला सुखाची. पुढच्या बाजूला वरच्या चरबीच्या थरातून भुवई उचलणारी चेहऱ्याच्या नसेची फांदी जाते, तेवढी सांभाळा. मानेकडून जात असाल तर छेद थोडा वर वाढवून कवटीच्या मागच्या भागावरचं पेरिक्रेनियम घ्या. कियारीच्या (लहान मेंदूचा खालचा भाग मानेकडे घसरण्याच्या आजाराच्या) ऑपरेशनमध्ये मी हेच वापरतो, दुसरा छेद लागत नाही.

एवढ्याने भागत नसेल तर मांडी. बाहेरच्या बाजूची फॅशिया लाटा मोठी आणि दणकट मिळते. पण त्यासाठी पेशंटला झोपवतानाच मांडी धुऊन, झाकून तयार ठेवायला हवी. नंतर ड्रेपखालून (निर्जंतुक कापडाखालून) मांडी शोधणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. तोटा म्हणजे आणखी एक जखम, चालताना आठवडाभर दुखतं, आणि फट नीट बंद केली नाही तर स्नायू तिथून फुगून वर येतो. शेतात राबणाऱ्या माणसाला हे आधी सांगा.

कवटीच्या तळाशी पोकळी भरायला पोटावरची चरबी लागते. ती डाव्या बाजूने घ्यावी अशी जुनी शिस्त आहे, म्हणजे पुढे कुणी डॉक्टर तो व्रण अपेंडिक्सचा समजत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, हायवे बंद, माल आणणारी गाडी कुठेतरी अडकलेली, कपाटात पॅच नाही. त्या आठवड्यात सगळी कामं पेरिक्रेनियम आणि मांडीवरच निभावली. पूर ओसरल्यावर कंपनीचा माणूस आला, त्याला मी पूर्वीच्या निम्मीच ऑर्डर दिली.

चौथी पायरी: विकतचा पॅच घ्यायचाच तर

स्वतःचं ऊतक कधी अपुरं पडतं? दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल आणि पापुद्रा आधीच वापरला असेल तर. फट फार मोठी असेल तर. किंवा पेशंट इतका खालावलेला असेल की मांडी उघडण्याची वीस मिनिटंही परवडणार नाहीत.

आधी एक इतिहास. मृत व्यक्तींच्या ड्युरापासून बनवलेला, वाळवलेला पॅच १९६९ पासून जगभर विकला जात होता. सोयीचा होता, हजारोंना लावला गेला. १९८७ मध्ये असा पॅच लावलेल्या एका रुग्णाला क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा मेंदू पोखरणारा, उपाय नसलेला आजार झाल्याचं पुढे आलं. नंतर एकट्या जपानमध्ये अशी शंभराहून जास्त माणसं सापडली, काहींना पॅच लावल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मानवी ड्युरा वापरू नये असं सांगितलं, जपानने त्याच वर्षी बंदी घातली. हे सांगायचं कारण, पॅच निवडताना "सध्या काही त्रास दिसत नाही" एवढ्यावर मी भाळत नाही. जनावराच्या पॅचवरही मी आधी मूळ देश बघतो. गाईंमधल्या त्याच जातीच्या आजारापासून मुक्त कळपातून घेतल्याचा उल्लेख हवा.

कोलेजनचा पॅच पांढऱ्या स्पंजसारखा किंवा कागदासारखा असतो. बहुतेक गाईबैलांच्या कंडऱ्यांपासून किंवा कातडीपासून करतात. सलाइनने भिजला की मेंदूच्या वळणावर मऊ बसतो आणि पाण्याच्या ओढीने जागी राहतो. काही महिन्यांत शरीर त्यात स्वतःचं ऊतक विणतं. नुसता ठेवायच्या प्रकाराला टाके घालू नका, सुई ओढली की तो फाटतो. शिवायचा प्रकार वेगळा मिळतो. बॉक्स उघडण्याआधी कुठला आहे ते वाचा. डोक्याच्या वरच्या भागासाठी आणि फुगलेल्या मेंदूसाठी हा चांगला. लहान मेंदूच्या खाली, जिथे दाब येतो तिथे नुसता ठेवलेला कोलेजन मला धीर देत नाही.

जनावराच्या हृदयाभोवतालच्या आवरणाचा पॅच ड्युरासारखाच लागतो आणि छान शिवला जातो. तो रसायनात ठेवलेला असेल तर पाकिटावर लिहिलंय तितकं सलाइनमध्ये धुवा. न धुतलेल्या रसायनामुळे नंतर ताप, मान ताठ आणि तपासणीत जंतू मात्र नाहीत, असा घोळ होऊ शकतो.

कारखान्यात बनवलेले म्हणजे पॉलियुरेथेन, पीटीएफई वगैरे. जनावराचा प्रश्न नाही, कपाटात बरीच वर्षं टिकतात. पण शरीर त्यांना आपलं मानत नाही. पीटीएफईला सुईने पाडलेलं भोक आपण होऊन बुजत नाही, प्रत्येक टाक्याशी थेंब दिसतो. मळलेल्या जखमेत तर नाहीच.

पाचवी पायरी: लावणं आणि तपासणं

माझी आजी वाकळ शिवताना भोकापेक्षा ठिगळ बोटभर मोठं कापायची आणि आधी चार कोपऱ्यांना टाके घालायची. इथेही तेच. शिवायचा ग्राफ्ट फटीपेक्षा थोडा मोठा, नुसता ठेवायचा असेल तर चारही बाजूंनी निदान एक सेंटिमीटर ड्युरावर चढलेला. आधी कोपरे, मग सलग शिवण. बारीक गोल सुई, ४-० किंवा ५-० दोरा, टाक्यांमध्ये तीन मिलिमीटर. ग्राफ्ट ताणलेला नको, किंचित ढिला असू द्या. ताणला की प्रत्येक टाक्याचं भोक लांबट होतं.

शेवटचे दोन टाके घालण्याआधी आत सलाइन भरून हवा बाहेर काढा. मग भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं, "जरा वाल्साल्वा द्या." ते छातीतला दाब पाण्याच्या ३० सेंटिमीटरपर्यंत नेऊन दहा-पंधरा सेकंद धरतात. शिवणीवर नजर ठेवा. थेंब दिसला तिथे एक टाका, किंवा स्नायूचा तांदळाएवढा तुकडा दाबून टाका.

अपघातानंतर फुगलेल्या मेंदूसाठी हाड काढून ठेवतो तेव्हा हा सगळा नेटकेपणा बाजूला. हाडाचा तुकडा निदान १२ बाय १५ सेंटिमीटरचा, ड्युरा मोकळा उघडायचा, वर ग्राफ्ट सैल पसरायचा आणि त्वचा बंद. तिथे पाणीबंद शिवणीचा हट्ट धरणं म्हणजे ज्या दाबासाठी कवटी उघडली तोच परत कोंडणं. वाल्साल्वाही नको.

सरस, म्हणजे फायब्रिन ग्लू किंवा हायड्रोजेल, हा शिवणीचा सोबती. शिवण खराब असेल तर तो तिला सुधारत नाही. पातळ थर पुरे. फायब्रिन तयार करायला वेळ लागतो, म्हणून आधी सांगून ठेवा. काही हायड्रोजेल ओलाव्याने फुगतात, त्यामुळे मणक्यासारख्या अरुंद जागी बेताने.

सहावी पायरी: नंतरचे दहा दिवस

डोकं ३० अंश वर. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, कुंथण्याने शिवणीवर जोर येतो. खोकला, शिंका यांचंही तेच. नुसता ठेवलेला पॅच असेल तर त्वचेखालच्या ड्रेनला (पाणी काढायच्या नळीला) जोरात सक्शन लावू नका, पाणी ओढलं जातं.

नातेवाइकांनी काय बघायचं: पुढे वाकल्यावर नाकातून एकाच बाजूने नितळ पाणी ठिबकणं, घशात खारट लागणं, उशीवर मध्ये लालसर आणि भोवती फिकट कडं असलेला डाग, जखमेखाली मऊ फुगवटा, ताप आणि मान वाकवताना दुखणं. यातलं काहीही दिसलं तर "सर्दी असेल" म्हणून घरी वाफ देत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. लवकर आलात तर कमरेतून ड्रेन घालून तासाला ५ ते १० मिलिलिटर पाणी काढत चार-पाच दिवसांत बऱ्याच गळत्या थांबतात.

पॅचच्या बॉक्समध्ये लॉट नंबरचे दोन-तीन स्टिकर असतात. एक फाइलमध्ये, एक डिस्चार्ज कार्डावर चिकटवा. ऑपरेशन नोटमध्ये ग्राफ्ट कुठून घेतला, कुठली बाजू मेंदूकडे ठेवली, कुठल्या दोऱ्याने शिवला हे लिहा. गेल्या वर्षी एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने कागद घेऊन आल्या. दुसऱ्या गावी काढलेलं हाड परत बसवायचं होतं. कार्डावर शाईने फक्त 'ड्युराप्लास्टी केली' एवढंच. खाली स्नायू आणि मेंदू यांच्यामध्ये काय आहे हे कळायला मला ओटीत सव्वा तास लागला.